भरीत, बट्टी, शेंगदाणे खाऊनही वजन जागेवर: खान्देशी घरासाठी एक रीत

वजन कमी करायचं ठरलं की जळगाव-धुळ्याकडच्या घरात पहिली कुऱ्हाड पडते ती शेंगदाण्यावर. मागोमाग तूप बंद होतं, खोबरं बंद होतं, माहेरून आलेले डिंकाचे लाडू डब्यातच राहतात. दोन-तीन आठवडे हे निभतं. मग कुणाच्या तरी शेतातून भरिताचं बोलावणं येतं आणि नेम मोडतो.

हे पदार्थ सोडण्याची मुळात गरज नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तिळात कॅल्शियम भरपूर, आणि दोन्हींतली चरबी बहुतेक चांगल्या प्रकारची. अडचण एवढीच की थोड्याशा घासात खूप ऊर्जा भरलेली असते आणि पोटाला त्याचा अंदाज उशिरा येतो. पहिल्यांदाच आपल्या खाण्याकडे डोळसपणे बघणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. एक अंगवळणी पडली की पुढची.

पायरी १: जड काय, हलकं काय, ते आधी ओळखा

ज्या पदार्थात पाणी जास्त तो हलका, ज्यात चरबी जास्त तो जड. एक ग्रॅम पिष्टातून किंवा प्रथिनातून साधारण ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९. आपल्या रोजच्या जिनसांचे शंभर ग्रॅममागचे ढोबळ आकडे असे: वांगं २५, पिकलेलं केळं १०० च्या आसपास, ज्वारीचं पीठ साडेतीनशेच्या आत-बाहेर, गूळ ३५० ते ३८०, शेंगदाणे आणि तीळ ५२० ते ५७०, सुकं खोबरं सव्वासहाशेच्या वर, आणि तेल ९००.

यात केळ्याची जागा नीट पाहा. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून वजनाच्या भीतीने केळं टाळणारी माणसं आहेत, आणि तीच संध्याकाळी केळ्याच्या वेफर्सची पुडी उघडतात. पिकलेल्या केळ्यात पाऊण भाग पाणी असतं. वेफर्स तळताना पाणी उडून जातं, त्याच्या जागी तेल बसतं आणि आकडा पाचशेच्या पुढे जातो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती केळी बिनधास्त खा, दिवसाला एक-दोन. मोजायची गोष्ट असेल तर ती वेफर्स. मेहरूणची बोरंही हलक्यांतलीच. हिवाळ्यात जिभेला चाळा हवा असेल तेव्हा वाटीभर बोरं घेऊन बसा.

पायरी २: एका ताटात शेंगदाणा किती वेळा येतो ते मोजा

खान्देशी स्वयंपाकाचा खरा पेच इथे आहे. शेंगदाणा आपण मूठभर खातो तेव्हा दिसतो. एरवी तो दिसत नाही. सकाळच्या पोह्यांत तळलेले दाणे, दुपारच्या भाजीत कूट, भाकरीशेजारी दाण्याची चटणी, चटणीवर तेलाची धार, काकडीच्या कोशिंबिरीत पुन्हा कूट, आणि हे सगळं ज्या तेलात झालं तेही बऱ्याच घरांत शेंगदाण्याचंच. एवढं झाल्यावर चार वाजता चहाबरोबर कुणी मूठभर दाणे खाल्ले तर आपण दोष त्या मुठीला देतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दोन हजार कॅलरीच्या दिवसाच्या ताटात तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम, तर तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. पस्तीस ग्रॅम म्हणजे एक भरलेली मूठ. त्यात शेंगदाणे, तीळ, खोबरं, बदाम, काजू सगळं आलं. सत्तावीस ग्रॅम म्हणजे साधारण सहा लहान चमचे, आणि त्यात फोडणी, पोळीवरचं तेल, भातावरचं तूप, सगळं मिळून.

एक दिवस निवडा. त्या दिवशी काही बदलू नका, काही टाळू नका. फक्त दाणा, तीळ, खोबरं, तेल, तूप यांतलं काहीही ताटात आलं की कागदावर एक रेघ मारा. रात्री रेघा मोजा. आपल्याला नेमकं कुठे हात आखडायचा आहे ते बहुतेकांना त्याच रात्री समजतं, आणि ते ठिकाण सहसा ताटात नसतं, कढईत असतं. ताटात आल्यावर भाजीतला कूट कुणी वेगळा काढू शकत नाही. म्हणून माप स्वयंपाक करतानाच घ्यायचं. घरात स्वयंपाक आई किंवा बायको करत असेल तर हे माप तिच्याशी बोलून, तिच्याबरोबर ओट्यापाशी उभं राहून ठरवा. तिने चौघांसाठी रांधायचं आणि एकाने ताटावर बसून नाक मुरडायचं, याने काही साधत नाही.

पायरी ३: आपली वाटी, आपला चमचा, आपला डबा

प्रत्येक घरातली वाटी वेगळी. स्वयंपाकघरात वापरायचा लहान वजनकाटा काहीशे रुपयांत मिळतो. तो रोज वापरायची गरज नाही. एका दुपारी बसून फक्त एवढं मोजून घ्या: आपल्या मुठीत किती ग्रॅम दाणे मावतात, भाजीत घालतो त्या मोठ्या चमच्यात कूट किती येतो, फोडणीच्या पळीत तेल किती, तुपाच्या चमच्यात तूप किती. तेलाच्या पाच मिलीच्या लहान चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात, पंधरा मिलीच्या मोठ्या चमच्यात सव्वाशेपर्यंत. फोडणीची पळी अनेक घरांत मोठ्या चमच्याहूनही मोठी निघते. आकडे कागदावर लिहून फळीच्या आत चिकटवा आणि काटा ठेवून द्या.

तेलासाठी याहून सोपा हिशोब आहे. ज्या घरात पंधरा किलोचा डबा येतो, त्यांनी डबा फोडला त्या दिवसाची तारीख डब्यावरच लिहावी. माणशी रोज २७ ग्रॅम धरलं तर चार मोठ्या माणसांच्या घरात तेल-तूप मिळून महिन्याला सव्वातीन किलोच्या आत-बाहेर जायला हवं. म्हणजे पंधरा किलोचा डबा साधारण साडेचार महिने पुरला पाहिजे, आणि तूप वेगळं खात असाल तर त्याहून जास्त. तुमचा डबा दोन-अडीच महिन्यांत संपत असेल तर वजनाचं कारण शेंगदाण्याच्या मुठीत शोधत बसू नका. पाहुणे, सणवार, डब्यातून दिलेलं-घेतलेलं सोडून देऊनसुद्धा हा अंदाज खूप काही सांगतो.

पायरी ४: भरीत करून पाहा

सगळ्या रितीची परीक्षा एका पदार्थात होते, आणि तो आपल्या घरचाच आहे. बामणोद-आसोद्याकडची ती मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी आणा. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. चौघांसाठी एक किलो वांगी धरू. वांग्यांच्या कॅलरी होतात फक्त अडीचशे, चौघांत मिळून. आता नेहमीच्या हाताने केलं तर काय होतं? दीडशे मिलीची एक वाटी तेल, म्हणजे बाराशे कॅलरीहून जास्त. शंभर ग्रॅम दाणे, साडेपाचशेच्या आसपास. वर खोबऱ्याचे काप पंचवीस ग्रॅम, दीडशे-एकशे साठ. एकूण बावीसशेच्या घरात, माणशी साडेपाचशे, आणि पुऱ्या अजून यायच्या आहेत.

तेच भरीत चार मोठे चमचे तेल आणि साठ ग्रॅम दाणे घेऊन करा. खोबरं त्या दिवशी राहू द्या. माणशी आकडा २७० च्या आसपास येतो. निम्मा.

चव उतरू नये म्हणून काही गोष्टी कराव्या लागतात. वांगी गॅसवर न भाजता शक्य असेल तर तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजा. धुराची चव आली की तेलाची उणीव भासत नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच आरावर भाजून वांग्याबरोबरच ठेचा, म्हणजे तेलात तळत बसावं लागत नाही. दाणे आधी कोरडे, मंद आचेवर खरपूस भाजा आणि निम्मे अख्खे, निम्मे भरड ठेवा. अख्खा दाणा दाताखाली आला की तो आहे हे कळतं. सगळाच कूट केला तर दुप्पट घालूनही जीभ तृप्त होत नाही. तेल शेवटी, कडकडीत तापवून, वरून फोडणी म्हणून. आधी तेलात सगळं परतून घेतलं तर वांगं ते पिऊन टाकतं आणि वर पुन्हा ओतावं लागतं. कांद्याची पात आणि कोथिंबीर मात्र हात न आखडता घाला.

आणि पुरीऐवजी कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ, त्यात डाळीची प्रथिनं आहेत, साल आहे, पोट लवकर भरतं आणि बराच वेळ भरलेलं राहतं. पाऊणशे ग्रॅम पिठाची एक भाकरी अडीचशे कॅलरीची. चार पुऱ्या सहज तीनशेच्या पुढे जातात आणि चारवर कुणी थांबत नाही. शेतातल्या भरीत पार्टीला पुऱ्याच असतील तर दोन घ्या आणि पहिल्या घासाआधी मुळा, काकडी, पात यांचं अर्धं ताट संपवा. आधी पाणीदार, मग जड, एवढा क्रम पाळला तरी हात आपोआप लवकर थांबतो.

पायरी ५: एका पदार्थात चरबी एकदाच

भरिताचा धडा बाकी सगळ्या पदार्थांना लागू करायचा तर हा नियम पुरे. बट्टीचंच घ्या. पिठात मोहन, उकडून कापल्यावर तेलात तळणं, आणि चुरून वरण ओतल्यावर तुपाची धार: तीन वेळा. यातलं एक ठेवा. मी तूप ठेवा म्हणेन, कारण वरण-बट्टीची खरी गोडी त्यातच आहे. मोहन चमचाभर, बट्टी गोवऱ्यांच्या आरावर किंवा ओव्हनमध्ये भाजलेली, आणि ताटात एक मोठा चमचा तूप, मोजून. वरण घट्ट ठेवा आणि बट्टीपेक्षा जास्त घ्या.

दाण्याच्या चटणीवर तेलाऐवजी दही घ्या. रस्सा केला असेल तर दहा मिनिटं हलवू नका. तर्री वर आली की पळीने काढून वाटीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीची फोडणी तिचीच द्या. मसाल्याचा रंग-वास तिच्यात असतो, वाया काही जात नाही. शेवभाजी हा मात्र पौष्टिक जड पदार्थांत बसत नाही, तळलेली शेव आणि वर तर्री असा तो प्रकार आहे. महिन्यातून एखाद्या वेळी आवडीने खा आणि त्या दिवशी दुसरं तळलेलं काही नको.

पायरी ६: वर भर नको, अदलाबदल करा

दाणे, बदाम, तीळ, लाडू हे पौष्टिक म्हणून रोजच्या खाण्याच्या वर घेतले की वजन वाढतंच. ते कशाच्या तरी जागी आले पाहिजेत. चार वाजताच्या चहाबरोबरची खारी, बिस्किटं किंवा फरसाण काढा आणि तिथे मूठभर भाजलेले दाणे ठेवा. डिंकाचा किंवा मेथीचा एक लाडू दोनशे कॅलरीच्या घरात जातो. तो नाश्ता म्हणून खा, एक लाडू आणि पेलाभर दूध, पोहे नंतर नकोत. संक्रांतीचा तिळगूळ लहान वळा. वीस ग्रॅमचा लाडू नव्वद-शंभर कॅलरीचा, त्यामुळे दिवसभरात दोन खाल्ले तर त्या दिवशी साखरेचा चहा एखादा कमी.

दाणे सोललेले आणण्यापेक्षा शेंगा आणा. सोलायला वेळ लागतो, टरफलांचा ढीग समोर दिसतो आणि हात थांबतो. खारे दाणे टाळा, मीठ पुढची मूठ मागतं. चावून खाल्लेल्या अख्ख्या दाण्यातली थोडी चरबी पचनातून सुटून बाहेरही पडते. पेशींच्या भिंती पूर्ण फुटत नाहीत म्हणून. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बदामांवर हे मोजलं. अठ्ठावीस ग्रॅम बदामांतून १७० च्या आसपास कॅलरी मिळतील असं धरलेलं होतं, शरीराला प्रत्यक्षात १२९ च मिळाल्या. म्हणून ३५ ग्रॅमांतला मोठा वाटा अख्ख्या दाण्याला द्या, कुटाला थोडा. बुरशी आलेले, काळपट किंवा कडू लागणारे दाणे मात्र फेकून द्या. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

दाणे खाल्ले, आता चालून उतरवू, असं कुणी म्हणतं. तीस ग्रॅम दाण्यांची भरपाई करायला साधारण वजनाच्या माणसाला पाऊण तास चालावं लागतं. चाला जरूर, पण हृदयासाठी, झोपेसाठी, साखरेसाठी. वजन राखायचं मुख्य काम हातातल्या मापानेच होतं.

उपवास आणि आखाजी

एकादशीच्या दिवशी आपण इतर दिवसांपेक्षा जास्त जड खातो. ताटभर साबुदाण्याची खिचडी, त्यात कुटाच्या दोन-तीन मुठी, तूप, वर शेंगदाण्याचा लाडू. एका बैठकीत सहाशे-सातशे कॅलरी सहज. त्याऐवजी भगर करा आणि तिच्यासोबत दाण्याची पातळ आमटी. आमटीचा कूट त्या दिवसाचा पूर्ण वाटा समजा, म्हणजे लाडू आपोआप दुसऱ्या दिवसावर जाईल. दही, काकडी, एक केळं. दिवस हलका जातो, उपवासही मोडत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो, आणि त्या दिवशी मोजमापाची वही काढू नये असं माझं मत आहे. वर्षातून असे दिवस थोडे. फक्त रसात साखर घालू नका, पिकल्या आंब्याला ती लागत नाही. पोळीवर तूप घेतलंत तर रसात वेगळं घेऊ नका, आणि सकाळपासून उपाशी राहून पंगतीला बसू नका. सण झाला की दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या. उरलेली पुरणपोळी चार दिवस पुरवून खाल्ल्याने जे वजन वाढतं ते सणाने वाढत नाही.

हे कुणासाठी नाही

दिवसभर शेतात राबणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसाला वरची मापं अपुरी पडतील. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच अन्न याहून जास्त खाल्लं, कारण त्यांचं कष्टाचं मापही मोठं होतं. आता दुकानात किंवा कार्यालयात बसून काम करणाऱ्याने तेवढंच खाल्लं तर जमा होणारच. उलट धडगाव-अक्कलकुव्याकडे आजही मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न आहे; बारीक मुलाच्या ताटातला दाणा, गूळ, तूप कमी करणं चूक आहे, त्याला ते वाढवूनच द्यायला हवं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी डिंकाचे लाडू कमी करू नयेत. मधुमेहाचं औषध चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दाण्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटची पायरी: वजन आणि कंबर

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी वजन करा. रोज करू नका. मीठ जास्त झालं तरी काटा अर्धा-एक किलो वर जातो आणि माणूस उगाच खचतो. वजनापेक्षा कंबर महत्त्वाची. शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याच्या टेपने मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

महिनाभर हे करून वजन वाढतंच असेल तर कमी करण्याचाही क्रम आहे. आधी तळण काढा. मग फोडणीचं तेल पाव भागाने घटवा. मग कूट निम्मा करा. त्यानंतर साखर आणि गूळ. अख्ख्या दाण्यांची मूठ आणि ताटातलं चमचाभर तूप सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तिथपर्यंत जावं लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला तीन आठवडे द्या, नाहीतर कशाने फरक पडला ते समजणार नाही. कंबर जागेवर आली की पुढचं काही घटवू नका. ज्या मापावर ती थांबली ते माप फळीच्या आतल्या कागदावर लिहून ठेवा.